२२५ केव्ही एक्स-रे कॅबिनेट सारखा ट्रिप होतो: शिरोलीतील दुरुस्तीच्या नोंदी

२४ जून

स्थळ: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीचा तपासणी विभाग. माल बहुतेक एसजी आयर्नचा (गोलाकार ग्रॅफाइटचे ओतीव लोखंड): ब्रॅकेट, हब, डिफरन्शियल हाउसिंग. जाडी ८ ते ३० मिमी.

यंत्र: ओतीव भागांच्या आतले दोष एक्स-रेने पाहण्यासाठीचे, शिशाचे अस्तर असलेले कॅबिनेट. २२५ केव्हीची (किलोव्होल्ट) एकध्रुवी मेटल-सिरॅमिक ट्यूब, अ‍ॅनोड अर्थला, पाण्याने थंड होणारी. फोकस (किरण जिथून निघतात तो ठिपका) दोन: ०.४ मिमी (८०० वॅट) आणि १.० मिमी (१८०० वॅट). हाय फ्रिक्वेन्सी जनरेटर, १० मीटर हाय व्होल्टेज केबल, दोन्ही टोकांना आर-२८ कनेक्टर. प्रतिमा टिपणारा डिटेक्टर अमॉर्फस सिलिकॉनचा फ्लॅट पॅनेल, पिक्सेल २०० मायक्रॉन, २०४८ × २०४८.

तक्रार: 'हाय व्होल्टेज ओव्हरकरंट' दाखवून एक्स-रे आपोआप बंद पडतो, म्हणजे ट्रिप होतो. सकाळी पहिल्या शिफ्टला जास्त. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी तर हमखास. ट्यूब गेली असे गृहीत धरून नव्या ट्यूबचे कोटेशन मागवून झाले आहे. ते थांबवायला सांगितले. मेसेजचा अर्थ इतकाच की जनरेटरला मर्यादेपेक्षा जास्त करंट दिसला. तो ट्यूबच्या आत गेला, केबलमधून गेला, की कनेक्टरच्या पृष्ठभागावरून, हे जनरेटरला कळत नाही.

कंट्रोलरच्या इतिहासात चार दिवसांतले ११ ट्रिप सापडले. ट्रिपच्या क्षणीचे केव्ही वेळेच्या क्रमाने लावले: २१४, २१२, २०९, २०३, १९८, १९८, १९५, १९२, १८८, १८६, १८१. हा उतार फार बोलका आहे. ट्यूबमध्ये थोडा वायू सुटला असेल तर वॉर्म-अप (केव्ही हळूहळू चढवणे) पुन्हा पुन्हा केल्यावर ट्यूब वरच्या केव्हीला जाते, कारण प्रत्येक फेरीत वायू शोषला जातो. इथे दर ट्रिपनंतर उंबरठा खाली आला आहे. म्हणजे कुठेतरी इन्सुलेशनच्या पृष्ठभागावर कार्बनची वाट तयार होत असावी आणि प्रत्येक ठिणगी ती लांबवत असावी.

म्हणून लगेचचा निर्णय: रिसेट करून पुन्हा चालू करणे बंद. चार दिवस ऑपरेटर नेमके तेच करत होते. त्यांचा दोष नाही, पुस्तिकेत 'ट्रिप झाल्यास वॉर्म-अप पुन्हा करा' असेच छापलेले आहे.

२५ जून

केव्हीशी संबंध आहे की एमएशी (ट्यूबमधला करंट, मिलिअँपिअरमध्ये), हे आधी ठरवले. १७५ केव्हीला १, ४ आणि ८ एमएवर प्रत्येकी २० मिनिटे चालवले, ट्रिप नाही. १८५ केव्हीला १ एमएवर ४० सेकंदांत ट्रिप, ४ एमएवर ३५ सेकंदांत. एमए चौपट करूनही फरक नाही, म्हणजे दोष भाराचा नाही, दाबाचा (व्होल्टेजचा) आहे. फिलामेंट कंट्रोल, इन्व्हर्टर आणि येणारी लाइन यांच्यावरचा संशय बराच कमी झाला. या दोन ठिणग्या जाणूनबुजून स्वीकारल्या. यापुढे एकही नाही.

नंतर जनरेटर एकटा तपासला. केबल काढून जनरेटरच्या सॉकेटमध्ये पूर्ण दाब सोसणारा डमी प्लग (सॉकेट बंद करणारे बूच), नवे ग्रीस लावून बसवला. २२५ केव्ही, १० मिनिटे, ट्रिप नाही. जनरेटर निर्दोष.

डमी प्लग नसेल तर ही चाचणी करू नये. सॉकेट रिकामे ठेवून किंवा केबलचे टोक हवेत ठेवून केव्ही चढवणे म्हणजे चांगला जनरेटर बिघडवणे, शिवाय जिवाशी खेळ. मेगरवरही (इन्सुलेशन तपासण्याचे मीटर) विसंबू नये. काल कुणीतरी केबलला ५ केव्ही मेगर लावून 'केबल ओके' असे वहीत लिहिले होते. ५ हजार व्होल्टला टिकलेले इन्सुलेशन सव्वादोन लाखांना टिकेल याची काहीच हमी नाही. मेगरवर नापास झालेली केबल खराब समजावी, पास झालेल्या केबलबद्दल मात्र काही ठरवू नये.

केबल काढण्याचा क्रम भिंतीवर चिकटवला आहे, इथेही लिहून ठेवतो. किल्ली काढून खिशात. मेन आयसोलेटर बंद, त्यावर कुलूप. ५ मिनिटे थांबणे. कनेक्टर ओढताना केबलचे धातूचे कवच अर्थलाच राहिले पाहिजे. प्लग बाहेर आल्याबरोबर टोकावरच्या पिना अर्थिंग रॉडने अर्थ करणे, तीनदा, आणि नंतर तारेने अर्थशी जोडूनच ठेवणे. मीटरला १५० पिकोफॅरड धरले तरी १० मीटर केबलमध्ये २२५ केव्हीला सुमारे ३८ ज्यूल ऊर्जा साठते. एकदा अर्थ केलेल्या केबलच्या इन्सुलेशनमधूनही थोडा चार्ज परत वर येतो. म्हणून नुसता रॉड टेकवणे पुरत नाही, टोक जोडलेलेच हवे.

२६ जून

ट्यूबच्या बाजूचा कनेक्टर उघडला. दोष सापडला.

प्लगच्या रबरी शंकूवर मधल्या पिनांपासून बाहेरच्या रिंगकडे जाणारी काळी रेघ, सुमारे ४० मिमी, टोकाला झाडाच्या फांद्यांसारखी फुटलेली. ग्रीस एका बाजूला सुकून पिवळे पडलेले, दुसऱ्या बाजूला दुधाळ. दुधाळ म्हणजे ग्रीसमध्ये पाणी मिसळले आहे. रिंग नटच्या आटीवर बोट फिरवल्यावर बोट ओले झाले.

ट्यूबच्या सिरॅमिक सॉकेटमध्ये टॉर्च आणि छोट्या कॅमेऱ्याने पाहिले. राखाडी डाग होता. लिंट न सोडणाऱ्या कापडावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकाच दिशेने पुसला. तो पूर्ण निघाला, खाली चकाकी शाबूत आहे. हाच निकाल सगळ्यात महत्त्वाचा होता. सिरॅमिकमध्ये कार्बन रुतला असता तर ट्यूब खरोखरच गेली असती, आणि आणखी आठवडाभर रिसेट मारत राहिले असते तर ती वेळ आलीच असती.

रबरावरची रेघ पॉलिश पेपरने घासून यंत्र चालू करावे, अशी सूचना आली. करू नये. घासल्याने वरचा कार्बन जातो, पण रबरात शिरलेली वाट तशीच राहते. शिवाय खरबरीत झालेल्या पृष्ठभागावर ग्रीसखाली हवेचे बुडबुडे अडकतात. या दाबाच्या केबलचे टोक कापून जागेवर नवे बनवणेही शॉप फ्लोअरचे काम नाही. केबल बदलणे हाच मार्ग. ऑर्डर दिली. माल पुण्याहून रस्त्याने येणार.

प्रश्न उरला: पाणी आले कुठून? कूलिंगच्या जोडण्या कोरड्या, होजला गळती नाही, छत गळत नाही.

खोलीत साधा तापमान-आर्द्रता मीटर ठेवला. एसी चालू असताना २६ अंश, ६० टक्के, म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होते) साधारण साडेसतरा अंश. रात्री साडेदहाला दुसरी शिफ्ट सुटते, एसी बंद होतात. पहाटेची नोंद २७ अंश, ८५ टक्के, दवबिंदू २४ च्या वर. चिलरचे (ट्यूबचे पाणी थंड करणारे यंत्र) सेटिंग १८ अंश, आणि चिलर रात्रभर चालूच. एक्स-रे बंद झाल्यावर कूलिंग १० मिनिटे चालू ठेवा असा नियम आहे, तो 'चालू ठेवा' एवढाच पाळला जातो. रात्री ट्यूबवर भार शून्य. म्हणजे ट्यूबचे सगळे धातूचे अंग १८ अंशांच्या आसपास उतरते आणि जून महिन्याची कोल्हापूरची हवा त्यावर थंड तांब्यासारखी घाम सोडते. तेच पाणी रिंग नटच्या आटीतून आत, ग्रीसच्या कडेपर्यंत. सुट्टीनंतर हमखास ट्रिप का, तेही यावरून कळते: दीड दिवस घाम साचलेला असतो.

२७ जून

सेटिंग १८ का? चिलरच्या पॅनेलवर बदलांची यादी राहते. मूळ सेटिंग २८ अंश. १७ एप्रिलला ते १८ केले गेले. त्याच आठवड्यात 'रिटर्न टेम्परेचर हाय'चे सहा अलार्म, मर्यादा ४० अंश. म्हणजे उन्हाळ्यात पाणी तापत होते म्हणून कुणीतरी सेटिंग खाली ओढले, अलार्म थांबले आणि विषय तिथेच संपला. पाणी का तापत होते हे मात्र राहून गेले.

प्रवाह मोजला, बादली आणि स्टॉपवॉचने. रिटर्न होजमधून १ लिटर भरायला २३ सेकंद, म्हणजे मिनिटाला २.६ लिटर. ट्यूबला हवेत किमान ४. स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) काढला: तपकिरी शेवाळ आणि बारीक गंज. चिलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या पत्र्यांत मोल्डिंगच्या वाळूची धूळ घट्ट बसलेली. आरपार उजेड दिसत नव्हता.

आता गणित. १८०० वॅट उष्णता, प्रवाह २.६ लिटर, तर पाण्याची वाढ सुमारे १० अंश. कंडेन्सर चोंदल्याने उन्हात पुरवठ्याचे पाणीच ३१ ला गेले तर परतीचे ४१. अलार्म वाजणारच.

यातली खरी धोक्याची गोष्ट वेगळीच. प्रवाह ४ च्या खाली गेल्यावर फ्लो स्विचने एक्स-रे बंद करायला हवा होता. त्याने केला नाही. स्विच उघडला तर पाते शेवाळाच्या चिकट थराने 'चालू' बाजूला चिकटलेले. पाणी पूर्ण बंद केले तरी कॉन्टॅक्ट जुळलेलाच. ट्यूबचे टार्गेट (जिथे एक्स-रे तयार होतात तो धातू) वितळण्यापासून वाचवणारे हेच एक साधन, आणि ते किती दिवस नुसते शोभेला होते ते सांगता येत नाही.

केलेले काम: टाकी रिकामी, साफ, डीआयोनाइज्ड पाणी आणि उत्पादकाने सांगितलेले मिश्रण भरले. स्ट्रेनरची जाळी नवी. फ्लो स्विच नवा. कंडेन्सर आतून बाहेर हवा मारून साफ, हवेचा दाब कमी ठेवून, नाहीतर पत्रे मुडपतात. पुन्हा मोजले: १ लिटरला १४.५ सेकंद, म्हणजे ४.१ लिटर. सेटिंग परत २८. पूर्ण भाराला परतीचे पाणी ३४ च्या आसपास राहील, आणि पहाटेच्या दवबिंदूपेक्षा ट्यूब किमान ३ अंश वर राहील.

फ्लो स्विचची चाचणी दर सोमवारी: एक्स-रे बंद असताना व्हॉल्व्ह हळूहळू बंद करायचा, इंटरलॉक (एक्स-रे आपोआप रोखणारी साखळी) तुटतो का ते पाहायचे. दिवा बघून समाधान मानायचे नाही.

२९ जून

दरवाजाचा इंटरलॉक. चालू एक्स-रे मध्येच 'डोअर ओपन' दाखवून बंद होण्याचे दोन प्रसंग इतिहासात आहेत. दरवाज्याला दोन स्वतंत्र स्विच. एकाचा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स ३८ ओहम, दुसऱ्याचा अर्ध्या ओहमच्या आत. दोन्ही बदलले, कारण दोघांचे वय एकच. 'चाचणीपुरता शॉर्ट करू' ही सूचना नामंजूर. इंटरलॉकची साखळी चाचणीसाठीही जोडून टाकायची नाही.

२ जुलै

केबल पोचली. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर चढू लागली होती. २०१९ आणि २०२१ ला महामार्ग शिरोलीजवळच पाण्याखाली गेला होता, त्यामुळे ट्रक वेळेत आत आला याचे मोठे समाधान.

बसवण्याचा क्रम:

हवा कोरडी हवी. दोन तास आधीपासून एसी चालू, आर्द्रता ५५ टक्के झाल्यावरच सॉकेट उघडले. पावसाळ्यात या अटीवर तडजोड नाही. चिलर या वेळेत बंद.

शंकू आणि सॉकेट अल्कोहोलने पुसून १५ मिनिटे वाळवले. उघड्या बोटांनी स्पर्श नाही, पावडर नसलेले हातमोजे. ग्रीस उत्पादकाचेच, नवी ट्यूब फोडून. अर्धवट वापरलेल्या डब्यातले घेऊ नये, त्यात धूळ आणि ओल दोन्ही असते. शंकूवर एकसारखा पातळ थर, टोकाकडे थोडा जाड, म्हणजे प्लग आत जाताना ग्रीस टोकाकडून रिंगकडे सरकते आणि हवा पुढे ढकलून बाहेर काढते. उलट केले तर हवा तळाशी कोंडते. ग्रीस जास्त झाले तरी वाईट: शंकू पूर्ण बसत नाही आणि नट आवळताना रबर वाकडे दबते.

प्लग सरळ आत, खाचेत खाच. फिरवायचा नाही. रिंग नट हाताने, मग पुस्तिकेतील टॉर्कने. एक तासाने रबर बसते, नट परत थोडा फिरतो, पुन्हा त्याच टॉर्कला. जनरेटरच्या बाजूलाही तेच.

जुनी केबल ट्यूबपाशी प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधली होती, वळण फार तोकडे. नव्या केबलला पुस्तिकेतील किमान त्रिज्येचे वळण दिले, दोन रुंद क्लॅम्प, खाली रबर. मॅनिप्युलेटर (आतली हलवणारी यंत्रणा) दोन्ही टोकांना नेऊन केबलला कुठे ताण येत नाही हे पाहिले.

३ जुलै

कंडिशनिंग, म्हणजे ट्यूबला पायरी-पायरीने पूर्ण केव्हीला नेणे. ग्रीस रात्रभर बसू दिले.

६० केव्ही, १ एमएपासून सुरुवात. १५० पर्यंत ५-५ ची पायरी, प्रत्येकी २ मिनिटे. १५० ते २२५ पर्यंत ५-५ ची पायरी, प्रत्येकी ५ मिनिटे. एकूण सुमारे १ तास ५० मिनिटे. २०५ ला एक ट्रिप. १० टक्के खाली उतरून १८५ ला १० मिनिटे धरले, पुन्हा चढवले. २०५ शांत, २२५ शांत. पहिल्या दिवशी ज्या खुणेची वाट पाहत होतो ती हीच: या वेळी उंबरठा वर सरकला. आठ दिवस पडून असलेल्या ट्यूबमध्ये थोडा वायू असणे साहजिक आहे.

२२५ केव्ही, ८ एमए, ३० मिनिटे. ट्रिप नाही. परतीचे पाणी ३४.५.

५ जुलै

उत्पादन सुरू. पण क्वालिटी विभागाची हरकत: हाउसिंगच्या प्रतिमेत उभे पट्टे दिसतात, श्रिंकेजची (धातू आकसताना आत राहणाऱ्या पोकळ्या) ग्रेड एएसटीएम ई-६८९ च्या संदर्भ चित्रांशी ताडताना वाद होतो.

पट्ट्यांची रुंदी मोजली: बरोबर १२८ स्तंभ. पॅनेलच्या रीड-आउट चिपमागे १२८ स्तंभ असतात, म्हणजे पट्टा कास्टिंगचा नाही, पॅनेलचा. एक्स-रे बंद ठेवून अंधारातली प्रतिमा घेतली, पट्टे तिथेही. ऑफसेट (प्रत्येक प्रतिमेतून वजा होणारी अंधारातली प्रतिमा) नव्याने घेतल्यावर गेले. म्हणजे चिप किंवा पट्टी-केबल शाबूत आहे, फक्त तापमानासोबत ऑफसेट सरकला होता. आधीचा ऑफसेट एसी लावल्यावर लगेच, पॅनेल थंड असताना घेतला गेला होता. आता नियम: पॅनेल चालू केल्यावर तासाभराने ऑफसेट, आणि दर शिफ्टला एकदा.

फिकट ढगासारखी असमानता तरीही उरली. गेन कॅलिब्रेशन (पिक्सेलच्या प्रतिसादातला फरक भरून काढणे) १२० केव्हीला, फिल्टरशिवाय केलेले. काम चालते २०० केव्हीला, १ मिमी तांब्याच्या फिल्टरने. किरणांची कठोरता बदलली की सिंटिलेटरचा (एक्स-रेचा प्रकाश करणारा पॅनेलमधला थर) प्रतिसादही जागोजागी वेगळा बदलतो. कॅलिब्रेशन कामाच्याच केव्हीला, त्याच फिल्टरने, चार पातळ्यांवर केले. बॅड पिक्सेलचा नकाशाही नवा. प्रतिमा स्वच्छ.

मग धार, म्हणजे प्रतिमेची स्पष्टता. आयएसओ १९२३२-५ ची डुप्लेक्स तारांची पट्टी वस्तूच्या जागी ठेवली. यंत्र घेतानाच्या नोंदीत बारीक होत जाणाऱ्या तारांच्या जोड्यांपैकी डी-९ ही न सुटणारी (दोन तारा वेगळ्या न दिसणारी) पहिली जोडी आहे, आता डी-७ वरच तारा मिसळतात. ट्यूब ते वस्तू ८०० मिमी, वस्तू ते पॅनेल ४००, मोठेपणा दीडपट. वस्तूच्या जागी पिक्सेल १३३ मायक्रॉन, त्याची अस्पष्टता सुमारे ०.२७ मिमी. ०.४ चा फोकस असेल तर त्याची ०.१३, एकूण ०.३०: डी-८ सुटते, डी-९ मिसळते. १.० चा फोकस असेल तर ०.३३, एकूण ०.४३: डी-७ वरच अडते. आकडे इतके चोख जुळल्यावर पॅनेल उघडायची गरज नव्हती. प्रोग्राममध्ये पाहिले, मोठा फोकस निवडलेला. सरासरीच्या फ्रेम ३२ वरून १६ वर आणून वेळ वाचवण्यासाठी कुणीतरी बदलला होता. परत ०.४, २०० केव्ही, ४ एमए, ३२ फ्रेम. डी-९. जिथे फक्त मोठी ब्लो-होल (वायूच्या पोकळ्या) शोधायची आहेत त्या ब्रॅकेटसाठी मोठा फोकस वेगळ्या नावाच्या प्रोग्राममध्ये ठेवला.

८ जुलै

येणारी लाइन. शेजारच्या इंडक्शन फर्नेसने भार घेतला की फेज-फेज व्होल्टेज ४१५ वरून ३७२ पर्यंत बुडते. त्या वेळी 'एमए रेग्युलेशन'चा इशारा येतो, ट्रिप नाही. सर्व्हो स्टॅबिलायझर सुचवला गेला. तो अशा क्षणिक बुडीला पुरेसा चपळ नसतो. ऑनलाइन यूपीएसचा प्रस्ताव दिला. अर्थिंग वेगळ्या खड्ड्याचे, ०.९ ओहम, ठीक.

१० जुलै

रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरच्या उपस्थितीत सर्वेक्षण. मुदतीतले कॅलिब्रेशन असलेला सर्व्हे मीटर. सर्वांत वाईट स्थिती: २२५ केव्ही, ८ एमए, आत वस्तू नाही. आधी १०० केव्हीला फेरी, मग वर. पृष्ठभागापासून ५ सेंमीवर सहाही बाजू, केबल आत जाते ती जागा, दरवाज्याची पूर्ण कड.

पार्श्वभूमी ताशी ०.१२ मायक्रोसिव्हर्ट. बहुतेक ठिकाणी तेवढेच. दरवाज्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ०.९. तिथे वर्षाला २००० तास धरले तर १.८ मिलिसिव्हर्ट, आणि सर्वसामान्य व्यक्तीसाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) मर्यादा वर्षाला १. त्या कोपऱ्यात कुणी दिवसभर उभे राहत नाही, तरी सोडून देण्यासारखे नाही. दरवाज्याचा रोलर ४ मिमी बसला होता, शिशाचा ओव्हरलॅप तितकाच कमी. रोलर बदलला, दरवाजा उचलला. पुन्हा ०.१८. फौंड्रीतला माणूस रोज त्या दरवाज्याशेजारून ट्रॉली नेतो. त्याच्यासाठी हा ४ मिमीचा रोलर ट्यूबइतकाच मोलाचा आहे.

इमर्जन्सी स्टॉप तिन्ही, इशाऱ्याचा दिवा (बल्ब काढल्यावर एक्स-रे सुरू होत नाही हे तपासले), दोन्ही डोअर स्विच एकेक करून: सर्व ठीक. टीएलडी बॅज (अंगावर पडलेले रेडिएशन नोंदवणारे) सर्वांच्या छातीवर, कंट्रोल बॅज खोलीबाहेर.

२ ऑगस्ट

महिन्याच्या नोंदी: ओव्हरकरंटचे ट्रिप शून्य. पहाटेची सर्वाधिक आर्द्रता ९१ टक्के. ट्यूबचे अंग कोरडे, रिंग नटखाली लावलेला टिश्यू पेपरही कोरडा. चिलरला टायमर लावला, शेवटच्या एक्स-रेनंतर १५ मिनिटांनी तो आपोआप थांबतो. सेटिंगचे बटण पासवर्डमागे.

बाकी कामे: नोव्हेंबरमध्ये ट्यूबकडचा कनेक्टर उघडून ग्रीसचा रंग आणि सिरॅमिक पाहणे, जुन्या डागाच्या जागेचा फोटो आजच्या फोटोशी ताडणे. स्ट्रेनर दर महिन्याला. कंडेन्सर दर पंधरा दिवसांनी, मार्च ते मे दर आठवड्याला. यूपीएसच्या प्रस्तावाचे उत्तर अजून आलेले नाही.